कुंडीचे वजन

रोपवाटिकेत सकाळी लवकर गेलात, तर माळीबुवा कुंड्यांच्या रांगेतून फिरताना मधूनच एखादी कुंडी काठाला धरून किंचित उचलताना दिसतात. हलकी लागली तर पाणी द्यायचे, जड लागली तर पुढे जायचे. ही रीत साधी दिसते, पण वनस्पतिशास्त्रातले काही जुने प्रयोग नेमके असेच, कुंडी तोलून झालेले आहेत.

फान हेल्मोंट या फ्लेमिश वैद्याचा विलोचा प्रयोग (प्रसिद्धी १६४८) आपण वर्गात सांगतो. २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे रोप लावले. पाच वर्षांनी झाड भरले सुमारे १६९ पौंड आणि माती घटली अवघी २ औंस. हवेतल्या कार्बनचा वाटा त्याच्या ध्यानात आला नाही, हेही आपण सांगतो. मला मात्र दुसरेच खटकते. गड्याने माती तोलली, झाड तोलले, पण ओतलेल्या पाण्याचा हिशेब दिलाच नाही!

तो हिशेब मांडला इंग्लंडमधील टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी. जुलै १७२४ मध्ये त्यांनी साडेतीन फूट उंचीच्या सूर्यफुलाची कुंडी घेतली, तिचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि सांधे लिंपले. पाणी घालायला बुचाची एक नळी ठेवली. मग सकाळ-संध्याकाळ वजन! दिवसाच्या बारा तासांत रोप सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे ५६५ ग्रॅम पाणी हवेत सोडत होते. कडक कोरड्या दिवशी ८५० ग्रॅमपर्यंत. कुंडी बिनझिलईच्या मातीची होती, तेव्हा तिच्या भिंतीतूनही पाणी उडत असणार. म्हणून शेवटी हेल्सनी रोप कापले, खुंट लिंपला आणि नुसती कुंडी तोलली. ती २ औंस घटली. तेवढे त्यांनी रोजच्या आकड्यातून वजा केले. प्रयोगातली 'तुलनेची कुंडी' मुलांना समजावून द्यायला याहून सुबक उदाहरण मला ठाऊक नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी बिहारमधील पुसा येथे वॉल्टर लेदर यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोतील अ‍ॅक्रन येथे ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी अशाच कुंड्या तोलून पिकांची पाण्याची गरज मोजली. एक किलो कोरडे पीक तयार व्हायला काही शे किलो पाणी लागते, हे त्यातून दिसले.

हे सारे रोपवाटिकेपर्यंत पोचले का? आमच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचले नव्हते, हे कबूल करतो. वरची माती कोरडी दिसली की आम्ही पिशव्यांना पाणी घालत असू. शेतात खालची माती पाणी ओढून घेते; पिशवीच्या तळाशी तशी माती नसते, त्यामुळे पाणी निथळून गेल्यावरही तळचा थर चिंब राहतो. मुळे तिथेच कुजली. पिशवी उचलली असती तर कळले असते.

आता पुष्कळ ठिकाणी मोजणी अशी करतात. कुंडीला भरपूर पाणी घालून तासभर निथळू द्यायचे आणि तोलायचे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोलायचे. जितके ग्रॅम घट, तितके मिलिलिटर पाणी. शिवाय क्षार साचू नयेत म्हणून दहावा हिस्सा जास्त. शाळेत ताजवा असेल तर आठवड्याभरात मुलांना ढगाळ आणि उन्हाळ दिवसांतला फरक आलेखावर काढता येईल.

जोडीला एक भूमितीचे गणितही घाला. वरून तुषार सोडले तर कुंडीत किती पाणी पडते? पानांचा आडोसा सोडून देऊ. गोल कुंड्या चौकोनी मांडणीत एकमेकींना चिकटून असतील तर सुमारे ७८ टक्के. दोन कुंड्यांत एका कुंडीच्या व्यासाएवढी फट ठेवली, तर प्रत्येक कुंडीच्या वाट्याला येणारी जागा चौपट होते आणि कुंडीत पडते जेमतेम २० टक्के! उरलेले वाटेवर, आणि पाण्यातून खत देत असाल तर तेही त्याच वाटेने गटारात. प्रत्येक कुंडीत ठिबकची बारीक नळी सोडली की ही फट आड येत नाही. मात्र नळी किती वेळ चालू ठेवायची, हे ठरवायला पुन्हा ताजवाच लागतो.