अवसादन, जलाशयातील : नांदूर मध्यमेश्वर

वाहत्या पाण्याबरोबर आलेले माती व वाळू यांचे कण पाण्याचा वेग मंदावल्यावर तळाशी बसतात, या क्रियेला अवसादन म्हणतात. महाराष्ट्रात या क्रियेचे एक बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे आढळते. गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ १९०७–१३ या काळात येथे दगडी बंधारा बांधण्यात आला. नदीचे पाणी अडवून ते गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांत वळविणे आणि नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील शेतीस पुरविणे हा त्यामागील हेतू होता. दारणा व गंगापूर या धरणांतून सोडलेले पाणीही येथे येऊन कालव्यांकडे जाते. पाण्याबरोबर गाळ येत राहिला आणि शतकभरात जलाशय उथळ होत गेला.

सिद्धांताचा इतिहास : द्रायूत (द्रव वा वायूत) बुडालेल्या पदार्थावर त्याने बाजूस सारलेल्या द्रायूच्या वजनाइतका ऊर्ध्वगामी जोर असतो, हे आर्किमिडीज यांनी इ. स. पू. तिसऱ्या शतकात दाखविले. न्यूटन यांनी १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिन्सिपिया या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात द्रायूच्या रोधाचा विचार केला. तथापि रोधामुळे ‘नाहीशी’ होणारी गती कोठे जाते, हा प्रश्न पुढे दीड शतक अनिर्णित होता. खाली येणाऱ्या वजनांच्या साहाय्याने पाण्यातील पाती फिरविली असता पाण्याचे तापमान ठराविक प्रमाणात वाढते, असे जूल यांनी १८४५–५० च्या सुमाराच्या प्रयोगांनी सिद्ध केले. १८५१ मध्ये स्टोक्स यांनी श्यान (दाट) द्रायूतून सावकाश पडणाऱ्या लहान गोलावरील रोधाचे सूत्र मांडले. अवसादनाचे गणित आजही याच सूत्रापासून सुरू होते.

ऊर्जेचा हिशेब : निर्वात जागेत पडणाऱ्या दगडाची स्थितिज ऊर्जा पूर्णपणे गतिज ऊर्जेत बदलते, पाण्यात तसे होत नाही. १ किग्रॅ. गाळ १ मी. खोल उतरला, तर त्याची सु. ९·८ जूल स्थितिज ऊर्जा कमी होते. गाळाच्या कणांची घनता पाण्याच्या सु. २·६५ पट धरल्यास तेवढ्याच घनफळाचे पाणी वर सरकते व त्याची स्थितिज ऊर्जा सु. ३·७ जूलने वाढते. उरलेली ६·१ जूल ऊर्जा प्रथम अंशतः गतीत जाते. परंतु वेगाबरोबर रोधही वाढून लवकरच कणाचे पाण्यातील वजन व रोध समान होतात. यानंतर कण एकसारख्या वेगाने पडतो. यास अंतिम वेग म्हणतात. ०·०१ मिमी. व्यासाच्या कणाचा अंतिम वेग सेकंदास सु. ०·०९ मिमी. असतो. या वेगाने पडणाऱ्या १ किग्रॅ. गाळाची गतिज ऊर्जा एका जूलच्या कोट्यंशाहूनही कमी भरते. अर्थात ६·१ जूल जवळजवळ सर्वच श्यानतेमुळे उष्णतेत रूपांतरित होतात. या उष्णतेने १ लिटर पाण्याचे तापमान केवळ सु. ०·००१५° से. वाढेल. पाण्यात विखुरलेली ही उष्णता एकत्र येऊन कणाला पुन्हा वर उचलीत नाही.

कणांची प्रतवारी : कण तरंगत ठेवण्याचे काम प्रवाहातील भोवरे करतात. नदी उतारावरून येताना तिची स्थितिज ऊर्जा कमी होते, त्या ऊर्जेतून भोवरे निर्माण होतात व त्यांच्या ऊर्जेचा थोडा अंश गाळ उचलून धरण्यात खर्ची पडतो. बंधाऱ्यामागे प्रवाहाचा छेद मोठा होऊन वेग घटतो, भोवरे मंदावतात व कण खाली बसू लागतात. स्थिर पाण्यात १ मी. अंतर उतरण्यास ०·१ मिमी. व्यासाच्या वाळूच्या कणास सु. २ मिनिटे, ०·०१ मिमी. च्या कणास सु. ३ तास आणि ०·००१ मिमी. च्या चिकणमातीच्या कणास सु. १३ दिवस लागतात. यामुळे भरड वाळू जलाशयाच्या वरच्या टोकाशीच पडते, मध्यम कण पुढे बसतात, तर बेसाल्ट खडकाच्या अपक्षयाने बनलेल्या काळ्या जमिनीतील सूक्ष्म कणांचा बराच भाग पुराबरोबर बंधारा ओलांडून जातो. तो पुढे पैठण येथील जायकवाडी धरणाच्या (१९७६) नाथसागर जलाशयात पोहोचतो.

मापन : नाशिक येथे १९५९ साली स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) राज्यातील जलाशयांच्या गाळाची पाहणी करते. नावेतून निरनिराळ्या ठिकाणची खोली मोजून अथवा वेगवेगळ्या पाणीपातळ्यांवरील जलविस्तार उपग्रहचित्रांवरून ठरवून साठवणक्षमता काढतात. मूळ क्षमतेशी तिची तुलना केली म्हणजे बसलेल्या गाळाचे घनफळ कळते.

परिणाम : गाळाने व्यापलेली जागा सिंचनास मुकते. उलट, त्याच गाळाने झालेल्या उथळ पाण्यात, बेटांवर व पाणवनस्पतींत स्थानिक आणि स्थलांतरित पक्ष्यांना अन्न व आसरा मिळाला. १९८६ मध्ये हा प्रदेश पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ या नावानेही तो ओळखला जातो. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील समावेश जाहीर होऊन हे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. सरसकट गाळ काढल्यास साठा वाढेल, पण पाणथळ नष्ट होईल. गाळ तसाच वाढू दिल्यास पाण्याखालील क्षेत्र हळूहळू कोरडे पडून कालवे व पक्षी या दोघांचीही हानी होईल. यास्तव पाणलोट क्षेत्रातील मातीची धूप थांबविणे, म्हणजे कण नदीत येण्यापूर्वीच अडविणे, हा दोन्ही हितांचा मेळ घालणारा उपाय ठरतो.