पुण्याची वेधशाळा आणि एक हिरवी रेषा

पिंपरी-चिंचवड किंवा चाकण येथील एखाद्या मोठ्या ओतशाळेंत धातूचा रस साच्यांत ओतण्यापूर्वीं त्याचा लहानसा नमुना प्रयोगशाळेंत नेतात. थिजलेल्या त्या तुकड्यावर विजेची ठिणगी पाडून तिच्या प्रकाशाचें पृथक्करण करतात, आणि लोखंडांत सिलिकॉन किती, मँगेनीज किती, हें थोडक्या वेळांत सांगतात. प्रत्येक मूलद्रव्य तापून प्रकाशूं लागलें म्हणजे वर्णपटांत आपल्या ठराविक जागींच रेषा उमटवितें, हें त्यामागील तत्त्व होय. जर्मनींत बुन्सेन व किर्खोफ यांनीं तें १८५९-६० च्या सुमारास प्रस्थापित केलें. त्याच तत्त्वाच्या आधारें पुण्यांतील एका अध्यापकानें आकाशांतील एका वादाचा निवाडा करण्यास हातभार लावला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

कावसजी दादाभाई नायगामवाला हे त्यांचें नांव. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत ते पदार्थविज्ञान शिकवीत असतां, १८८२ मध्यें भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं वर्णपटाच्या अभ्यासासाठीं पांच हजार रुपये दिले व सरकारनेंही तितकीच भर घातली. पुढें नायगामवाला विलायतेस गेले. तेथें ज्यांच्या सल्ल्यानें वेधशाळेची कल्पना पक्की झाली, त्यांत नॉर्मन लॉकयर हे एक होते. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणानंतर सूर्याच्या वर्णपटांतील अनोळखी पिवळ्या रेषेवरून हेलियम या नव्या मूलद्रव्याचें अनुमान करणारे ते हेच लॉकयर. १८८८ च्या सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजांत वेधशाळा सज्ज झाली. तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती.

मृग नक्षत्रांतील तेजोमेघाच्या वर्णपटांत एक ठळक हिरवी रेषा दिसते. आकाशस्थ गोल उल्कांपासून बनले, असा लॉकयर यांचा सिद्धांत होता. म्हणून ती रेषा उल्कांतील मॅग्नेशियमची, असें ते म्हणत. विल्यम हगिन्स यांस तें मान्य नव्हतें. कसोटी सोपी होती. मॅग्नेशियम जाळलें असतां त्या जागेजवळ जो पट्टा दिसतो, त्याची एक कड तीक्ष्ण असते व दुसरी बाजू हळूहळू विरत जाते. तेव्हां आकाशांतील रेषा एका बाजूस विरते काय, एवढेंच पाहावयाचें होतें.

नायगामवाला यांनीं पुण्याहून तें पाहिलें. प्रकाश पुष्कळ फांकवून पाहिला तरी रेषा अरुंद व दोन्ही बाजूंनीं रेखीवच राहिली. आपल्या मार्गदर्शकाच्या सिद्धांतास बाधक असा हा निष्कर्ष त्यांनीं १८९१ मध्यें इंग्लंडमधील ज्योतिर्विदांपुढें मांडला. पुढें १९२७ मध्यें बोवेन यांनीं दाखविलें कीं, ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, अत्यंत विरळ वायूंतच उमटणारी आहे.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें घेतले. १९१२ मध्यें ते निवृत्त झाले. वेधशाळा बंद पडली, आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

श्रोतेहो, गुरूचा सल्ला घेऊन उभारलेल्या साधनानेंच गुरूचें मत तपासावें, आणि जें दिसलें तें लपवूं नये, हें धैर्य सोपें नव्हे. आज ओतशाळेंत ठिणगीच्या रेषा वाचणाऱ्या तरुणांस आपल्याच गांवीं त्या विद्येचा असा एक प्रामाणिक उपासक होऊन गेला, एवढें ठाऊक असावें, इतकीच माझी इच्छा आहे.