सगळे एकदमच निघाले

बॉस्टनच्या बाजूला ऑनसाइट जाऊन आलेल्या मंडळींना रूट १२८ माहीत असेल. शहराला अर्धा वळसा घालणारा हायवे. १९७०च्या दशकात कॉम्प्युटरच्या धंद्यात सिलिकॉन व्हॅलीइतकाच या रस्त्याचाही दबदबा होता. मिनीकॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या, संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या प्रयोगशाळा, एमआयटीतून बाहेर पडलेले इंजिनीअर... त्या काळातलं हिंजवडीच म्हणा ना! आणि हिंजवडीसारखंच, सकाळी सगळे एकदम आत, संध्याकाळी सगळे एकदम बाहेर.

याच रस्त्यावर फेब्रुवारी १९७८ मध्ये जे झालं, त्याबद्दल आज लिहायचंय.

६ फेब्रुवारी, सोमवार. मोठं हिमवादळ येणार हे हवामान खात्याने सांगून ठेवलं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी, जानेवारीत, बॉस्टनमध्ये २१ इंच बर्फ पडून गेला होता, त्यामुळे लोकांना बर्फाचं नवल नव्हतं. पण सकाळी कामावर निघायच्या वेळी बाहेर बघावं तर काहीच नाही. आकाश भरलेलं, पण बर्फाचा पत्ता नाही. "यांचे अंदाज नेहमीचेच" म्हणत माणसं गाडी काढून ऑफिसला गेली. सोमवार होता, हे विसरू नका. सोमवारी दांडी मारायला बॉसला सबळ कारण द्यावं लागतं, आणि 'पुढे बर्फ पडणार आहे' हे कारण रिकाम्या आकाशाखाली सबळ वाटत नाही.

सकाळ सरता सरता बर्फ सुरू झाला आणि बघता बघता जोर धरला. दुपारी एकेका ऑफिसने माणसांना घरी सोडायला सुरुवात केली. प्रत्येक साहेबाचा निर्णय त्याच्या जागी अगदी बरोबर होता. पण सगळ्या साहेबांनी तो साधारण एकाच वेळी घेतला! एरवी तीन-चार तासांत विभागून निघणारी गर्दी एकदम रस्त्यावर आली, तीही डोळ्यांपुढचं दिसत नाही अशा वादळात. कुठे एखादा ट्रक आडवा झाला, कुठे चढावर चाकं नुसतीच फिरत राहिली. मागचे थांबले, त्यांच्या मागचे थांबले.

आता इथे कोड लिहिणाऱ्या माणसाला ओळखीचं काहीतरी दिसेल. बर्फ हटल्याशिवाय गाड्या हलणार नाहीत. बर्फ हटवायला नांगराच्या गाड्या यायला हव्यात. आणि गाड्या हटल्याशिवाय नांगर पुढे येणार नाहीत. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरला आपण डेडलॉकची व्याख्या घोकली होती, ती हीच. फक्त इथे प्रोसेस मारून टाकून सिस्टिम रीस्टार्ट करायची सोय नव्हती. प्रत्येक 'प्रोसेस'मध्ये माणूस बसला होता.

रूट १२८ वर ३,००० हून जास्त मोटारी आणि ५०० ट्रक अडकले. वादळ थांबलं ते दुसऱ्या दिवशी, ७ तारखेच्या रात्री. बॉस्टनमध्ये २७.१ इंच बर्फ पडला होता, म्हणजे सव्वादोन फूट. वाऱ्याने ढीग लागले तिथे गाड्यांची फक्त टपं दिसत होती.

आणि यातलं सगळ्यात वाईट पुढेच आहे. थंडीत गाडीत अडकलेला माणूस काय करेल? काचा बंद करून हीटरसाठी इंजिन चालू ठेवेल. पण मागे बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर बाहेर जायच्या ऐवजी गाडीत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणसाला पेंग येते, आणि तो झोपेतच जातो. अशा रीतीने गाड्यांमध्ये १४ जण गेले. संपूर्ण वादळात साधारण १०० बळी पडले. अनेकांची सुटका स्नोमोबाइलवरून किंवा स्कीवरून आलेल्या माणसांनी केली.

गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खाजगी गाड्यांवर बंदी घातली. लष्कर बोलवावं लागलं. जवळजवळ आठवडाभर बॉस्टनचे रस्ते पायी चालणाऱ्यांचे होते.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. १२ मार्च १८८८, न्यूयॉर्क. पुन्हा सोमवारच! त्या काळी कामावर गेलं नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली, कधी कधी नोकरीही. म्हणून माणसं वादळातच निघाली आणि खांबांवरून धावणाऱ्या गाड्यांत मध्येच लटकून राहिली. माजी सिनेटर रॉस्को कॉन्क्लिंग कचेरीतून चालत निघाले, वाटेत बर्फात कोसळले, आणि पाचएक आठवड्यांनी वारले. त्या वादळानंतर रेल्वे जमिनीखालून न्यावी या मागणीला जोर आला. बॉस्टनचा भुयारी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला, न्यूयॉर्कचा १९०४ मध्ये.

तुम्ही म्हणाल, सव्वादोन फूट बर्फ पडला तर कोणीही अडकेल. मग अटलांटा बघा. २८ जानेवारी २०१४, बर्फ अडीच इंचांच्या आसपास! दुपारी शाळा, खाजगी ऑफिसं, सरकारी कचेऱ्या सगळं जवळजवळ एकाच वेळी सुटलं. रस्त्यांवर काच पसरावी तसा बर्फ गोठला होता. हजारो मुलांनी रात्र शाळेत काढली, लोक दुकानांत झोपले, आणि एका बाईचं बाळंतपण हायवेवर गाडीतच झालं. दहावा हिस्सा बर्फ, चित्र तेच. म्हणजे बर्फ किती पडला यापेक्षा माणसं कधी निघाली हा प्रश्न मोठा. आपल्याला २६ जुलै २००५ ची आठवण होणं साहजिक आहे. तिथे बर्फाच्या जागी पाणी होतं, पण दुपारी एकदम निघालेली माणसं आणि बंद गाड्यांत गुदमरून गेलेले जीव, हे तसंच होतं.

मग उपाय? तो मॅसॅच्युसेट्सनेच दाखवला. ८ फेब्रुवारी २०१३, पुन्हा मोठं वादळ, बॉस्टनमध्ये २४.९ इंच. या वेळी गव्हर्नर डिव्हाल पॅट्रिक यांनी बर्फाचा जोर वाढायच्या आधीच दुपारी ४ नंतर रस्ते बंद केले. अनेकांना ते अती वाटलं. पण रूट १२८ वर १९७८ झालं नाही.

यातून मला एवढंच कळतं, की 'आज येऊ नका' हे सकाळी, आकाश कोरडं असताना सांगावं लागतं. तेव्हा ते सांगणारा मूर्ख दिसतो, आणि बर्फ आलाच नाही तर तो मूर्खच ठरतो. दुपारी सांगितलं तर त्याला कोणी हसत नाही, पण तोवर उशीर झालेला असतो. आणि नर्स, अँब्युलन्सवाले, नांगर चालवणारे यांना तर जावंच लागतं. ज्यांचं काम लॅपटॉपवर होतं त्यांनी घरी बसणं म्हणजे या लोकांसाठी रस्ता मोकळा ठेवणं.

जाता जाता, थंडीच्या देशात असाल आणि अडकलातच तर: गाडी सोडून चालत सुटू नका, आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन तासातून दहाएक मिनिटंच चालवा आणि तेव्हा एक काच बोटभर उघडी ठेवा. थंडी वाजेल, वाजू द्या.