मराठी कथनगद्यातील काळाची निवड : रीतिभूताच्या निमित्ताने

कादंबरीचे निवेदन भूतकाळात करावे की वर्तमानकाळात, या प्रश्नाची चर्चा बहुधा परिणामाच्या अंगाने होते. भूतकाळाने अंतर पडते, वर्तमानकाळाने प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो, असे म्हटले जाते. मराठीपुरते पाहता हा विचार अपुरा ठरतो. त्याचे कारण क्रियापदांच्या इतिहासात सापडते.

ज्ञानेश्वरीच्या (१२९०) भाषेत ‘करी’, ‘म्हणे’ ही रूपे वर्तमानकाळाची होत. प्राकृत ‘करइ’पासून मराठी ‘करी’ आले. पुढे धातुसाधितापासून सिद्ध झालेल्या ‘करतो’ने वर्तमानाची जागा घेतली आणि जुने रूप रीतिभूतकाळाकडे सरकले. त्याच्या मूळ स्वरूपाची खूण प्रयोगात टिकून आहे. ‘आजीने दळण दळले’ येथे कर्ता तृतीयेत जातो. ‘आजी दळण दळी’ येथे तो वर्तमानाप्रमाणेच प्रथमेत राहतो. म्हणजे पूर्वजांचा वर्तमानकाळ हाच आपल्या भूतकाळाचा एक प्रकार झाला आहे.

लेखकाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. भूतकाळात ‘दळले’ म्हणजे एकदा घडलेले, ‘दळी’ म्हणजे नित्य घडणारे, हा भेद क्रियापदच सांगते. बोलण्यात हे काम आज बहुधा ‘दळायची’ हे रूप करते. वर्तमानकाळी निवेदनात मात्र ‘आजी दळण दळते’ हे आजचे की रोजचे, याचा उलगडा अन्य शब्दांनी करावा लागतो.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची निवेदिका यमू स्वतःचे आयुष्य मागे वळून सांगते. तिचे दुःख काही प्रसंगांचे आहे, तसेच घरोघर चालत आलेल्या रीतीचेही आहे. एकदा झालेला आघात आणि रोजचा जाच वेगळे दाखविणे अशा कथनाला आवश्यक असते. भूतकाळ तिला हा भेद देतो; शिवाय पुढचे जाणणारी यमू आणि न जाणणारी बालिका यमू, अशा दोघींचा आवाज त्यात एकत्र येतो.

पुढचे ठाऊक नसलेल्या निवेदकाला, उदाहरणार्थ रोजनिशी लिहिणाऱ्याला, वर्तमानकाळ साजतो, हे खरेच. परंतु भूतकाळातील खर्डा केवळ जिवंतपणासाठी वर्तमानात उतरविणाऱ्याने आपण रीत आणि घटना यांतील सीमारेषा पुसत आहोत काय, हे आधी तपासावे.