दोन कामांची एक फटफटी



ज्या बैलानं आठवडाभर नांगर ओढायचा त्यानंच शर्यतीतही धावायचं, असं म्हटलं तर शेतकरी हसेल. पण इंग्लंडातल्या एका कारखान्यानं लोखंडी बैलाकडून ही दोन्ही कामं करून घेतली. त्या मोटारसायकलीचं नाव 'ट्रायम्फ ट्रॉफी'.

तिची कथा युद्धापासून सुरू होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत कॉव्हेन्ट्री शहर होरपळलं, तिथला ट्रायम्फचा कारखानाही गेला. १९४२ मध्ये जवळच्या मेरिडनला तो पुन्हा उभा राहिला. त्या काळात कंपनीनं ब्रिटिश विमानदलासाठी वीज निर्माण करणारं छोटं इंजिन बनवलं होतं. विमानात वजन वाढवून चालत नाही, म्हणून त्याचे सिलिंडर लोखंडाऐवजी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले.

युद्ध संपलं. मग हेच हलके सिलिंडर मोटारसायकलीला का बसवू नयेत? १९४६ साली अशीच एक गाडी आयल ऑफ मॅन बेटावरची मँक्स ग्राँ प्री शर्यत जिंकली.

१९४८ मध्ये इटलीतल्या सान रेमोला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी झाली. तिथं नुसत्या वेगाला किंमत नव्हती. डोंगर, चिखल, दगडधोंडे तुडवत ठरल्या वेळी ठाणं गाठायचं, आणि गाडी बिघडली तर स्वारानंच दुरुस्त करायची! ती ट्रॉफी ब्रिटिश संघानं जिंकली. त्या संघात ट्रायम्फ होती, तशीच रॉयल एन्फील्डची बुलेटही होती. होय, १९५५ पासून मद्रासेत जुळवली जाऊ लागली तीच बुलेट!

या विजयावरून ट्रायम्फनं १९४९ साठी 'ट्रॉफी' काढली. दोन सिलिंडर, ४९८ सी.सी. इंजिन. धुराडी नळी उंचावर घेतलेली, दगडाला लागू नये म्हणून. पुढचा दिवा झटकन काढता येई. सोमवारी दिवा लावून कामावर जा, रविवारी दिवा काढून चिखलात उतरा!

पुढं १९५१ मध्ये सिलिंडर बदलले आणि १९५८ मध्ये हे मॉडेलच थांबलं. रस्त्यासाठी एक आणि रानासाठी दुसरी, अशा वेगळ्या गाड्यांचे दिवस आले. म्हणून ती पहिली, चौकोनी सिलिंडरांची ट्रॉफी आज क्वचितच दृष्टीस पडते.

तिच्या सिलिंडरांच्या बाजूला काही उंचवटे आहेत. मोटारसायकलीला त्यांचा काहीच उपयोग नाही. विमानातल्या इंजिनावर हवा खेळवणारं पत्र्याचं आवरण बसवण्यासाठी ते ठेवलेले होते. शिक्षक बंधुभगिनींनो, इतिहास ताम्रपटावर असतो, तसा तो अशा बिनकामाच्या उंचवट्यावरही असतो. मुलांना तो वाचायला शिकवायला हवा.