देशबंधूंच्या नेमणुका

नेमणुकीचा एक कागद एकास हर्ष आणि दहांस रोष देऊन जातो, हे सरकारी सेवेतील वाचकांस सांगावयास नको. कलकत्ता महापालिकेचा १९२४ सालचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. सुरेंद्रनाथ बॅनर्जी मंत्री असताना झालेल्या १९२३ च्या कायद्याने तेथे महापौरपद निर्माण झाले आणि स्वराज्य पक्षाचे देशबंधू चित्तरंजन दास पहिले महापौर निवडले गेले.

आय. सी. एस. वर पाणी सोडून आलेले २७ वर्षांचे सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. तीन हजारांच्या वेतनातील निम्मेच त्यांनी स्वीकारले. परंतु खरी कसोटी पुढेच होती. १९२३ च्या बंगाल कराराने देशबंधूंनी मुसलमान समाजास नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले होते. नव्या नेमणुकांत ते पाळले जाऊ लागताच हिंदू सुशिक्षितांत ओरड झाली. देशबंधू मात्र ढळले नाहीत.

ऑक्टोबर १९२४ मध्ये सुभाषबाबूंना अटक झाली. काही काळ ते तुरुंगातूनच महापालिकेचे कागद पाहत. पुढे त्यांची रवानगी लोकमान्यांच्या मंडालेस झाली. १६ जून १९२५ रोजी देशबंधू निवर्तले आणि १९२६ मध्ये कृष्णनगरच्या प्रांतिक परिषदेने तो करारच झुगारला. जे वचन एका थोर पुरुषाच्या शब्दावर उभे होते, ते त्याच्यामागे वर्षभरही तगले नाही. न्याय नियमांत उतरला नाही, तर तो माणसाबरोबरच जातो.