ब्राउझरच्या इशाऱ्यालाही तारीख असते

गेल्या महिन्यात इतिहासाच्या एम.ए.ची एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. एका जुन्या लेखाच्या तळटीपेतला दुवा उघडताना ती भलत्याच पानावर पोचली होती. तिथे मोठा चौकोन होता : ‘फ्लॅश प्लेयर जुना झाला आहे, इथे क्लिक करा.’ ती म्हणाली, “दादा, करू का?” लॅपटॉपवर तिचा अर्धा प्रबंध होता आणि बॅकअप? नव्हता!

मी म्हटलं, थांब. मोडी कागद हातात आला की आपण आधी काय विचारतो? कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणासाठी लिहिला. हीच साधनचिकित्सा या चौकोनाला लावून बघू.

आधी ‘कधी’. नेटस्केप 2 मध्ये 1995-96 च्या सुमारास प्लगइन आणि जावा आले, 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हएक्स आणलं. ब्राउझरला जे जमत नव्हतं, ते बाहेरच्या जोड-प्रोग्रॅमकडून करून घ्यायची ही सोय. त्याच काळात मराठी साइट वाचायची तर बऱ्याचदा तिचा फॉन्ट वेगळा उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. त्यामुळे इशारा आला की न वाचता ‘होय’ दाबायची सवय आपल्याला लागली. ‘नाही’ म्हटलं तर मराठी दिसायचंच नाही ना!

संशोधकांचंही तेच. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावर हजारो जुनी मराठी पुस्तकं होती, पण एकेक पान टिफ या प्रकारच्या चित्रात. ब्राउझरला टिफ दाखवता येत नसे, म्हणून प्लगइन टाकणं आलं.

मग उलटा प्रवास सुरू झाला. प्लगइनला संगणकात बराच मोकळा वावर असे, आणि त्याच दारातून व्हायरसही शिरत. ऑगस्ट 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 ने पॉप-अप अडवायला आणि अॅक्टिव्हएक्सबद्दल वरच्या पिवळ्या पट्टीत विचारायला सुरुवात केली. जानेवारी 2013 मध्ये जावात गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने ब्राउझरमधला जावा बंदच ठेवा असं सांगितलं. वर्षभरात जावा स्वतःच स्वाक्षरी नसलेले अॅपलेट अडवू लागला. सप्टेंबर 2015 मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन पूर्ण काढले, मार्च 2017 मध्ये फायरफॉक्सने फ्लॅश सोडून बाकीचे काढले. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून अॅडोबीने फ्लॅशमधला मजकूर चालणंच बंद केलं.

आता तिचा चौकोन पुन्हा बघा. जे बंदच झालंय त्याची नवी आवृत्ती येणार कुठून? म्हणजे मजकूर बनावट. बनावट सनद काळाच्या चुकीवरून पकडतात, तसंच हे.

‘कोणी’ हाही प्रश्न महत्त्वाचा. ब्राउझरचा खरा इशारा सहसा पत्त्याच्या पट्टीजवळ येतो, किंवा पानाच्या जागी ब्राउझरचंच पूर्ण पान दिसतं. पानाच्या आत नाचणारा चौकोन त्या साइटवाल्याचा असतो. शंका आली तर टॅब बंद करा. चौकोनातल्या फुलीवरही क्लिक नको.

पण प्रत्येक अडथळा म्हणजे फसवणूक नव्हे. ग्रंथालयाच्या सूचीतून पीडीएफ नव्या खिडकीत उघडते आणि ब्राउझर ती अडवतो, हे रोजचंच आहे. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्या एका साइटला पॉप-अपची परवानगी द्या. एका पाहुण्यासाठी वाड्याचे सगळे दरवाजे उघडे टाकायचे नसतात. ‘सुरक्षित नाही’ असं दिसलं तर पत्ता एचटीटीपीचा आहे का बघा. जुलै 2018 पासून क्रोम अशा सगळ्या साइटवर हा शेरा मारतो. तिथे नुसतं वाचायला हरकत नाही, पासवर्ड मात्र टाकू नका.

आणि जुनं प्लगइन शोधत बसू नका, त्यापेक्षा पुस्तक दुसरीकडे शोधा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची लाखो पुस्तकं आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, प्लगइनशिवाय वाचता येतात. प्रबंध शोधगंगेवर पीडीएफमध्ये मिळतात. मेलेल्या दुव्यासाठी वेबॅक मशीन आहे. फ्लॅशमधलं काही बघायचंच असेल तर रफल नावाचं अनुकरण-साधन आहे, तेही सगळ्यालाच पुरतं असं नाही.

तिचं पुस्तक आर्काइव्हवर सापडलं, नावाचं रोमन स्पेलिंग तीन वेळा बदलून. वहीत तिने पत्ता लिहिला, बघितल्याची तारीख लिहिली आणि मूळ दुवा मेल्याची नोंदही केली. ती नोंद सोडू नका. वीस वर्षांनी तुमची तळटीप कोणीतरी उघडणार आहे, आणि तेव्हा त्याच्या पडद्यावर कुठला चौकोन येईल ते आज आपल्याला माहीत नाही.

तेवढं बॅकअपचंही बघा. तिने त्याच संध्याकाळी घेतला.